टक्कल पाण्यानं पडत नाही

सोलापुरातल्या कुठल्याही सलूनमध्ये केस गळण्याचा विषय काढा, दुसऱ्या वाक्याला पाणी येतंच. "बोरच्या पाण्यानं वाट लावली बे डोक्याची." बाकावर पेपर वाचत बसलेला दुजोरा देतो. कात्री चालवणारा स्वतः रोज त्याच पाण्यानं आंघोळ करतो, त्याचे केस शाबूत असतात, तरी तोही मान डोलावतो. गिऱ्हाइकाशी वाद कोण घालणार?

या समजुतीला आधार आहे, नाही असं नाही. शहराला उजनी धरणाचं पाणी वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड मिळत आलं. मधल्या दिवसांची गरज बोर आणि टँकर भागवत आले. जमिनीखाली काळा पाषाण. त्यातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. साबणाला फेस धरत नाही, गिझरच्या कॉइलवर आणि बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो. असं जड पाणी डोक्यावर घेतलं की केस राठ होतात, हे बोटांना कळतं. मग त्याच मोसमात कपाळ रुंदावायला लागलं की आरोपी समोरच उभा असतो.

पण सोलापूरचाच एखादा मुलगा एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी इंजिनिअर होऊन पुण्याला जातो. हिंजवडीत नोकरी, वाकडला तिघांत मिळून फ्लॅट. दोन वर्षांनी सिद्धेश्वराच्या यात्रेला गावी आला की आई डोक्यावरून हात फिरवते आणि विचारते, "काय रे हे?" तो सांगतो, पुण्याचं पाणी मानवलं नाही. म्हणजे सोलापुरात राहिलेल्याचे केस सोलापूरच्या पाण्यानं गेले आणि पुण्याला गेलेल्याचे पुण्याच्या. बेंगळुरूला गेलेला बेंगळुरूच्या पाण्याला बोल लावतो. तिघांत समान आहे ते पाणी नव्हे, वय. पुरुषांचं नेहमीचं टक्कल ज्या वयात स्वतःला दाखवू लागतं, नेमक्या त्याच वयात आपल्याकडची मुलं गाव सोडतात. दोष मात्र नव्या नळाला मिळतो.

याहून सोपी पडताळणी घरातच आहे. त्याच टाकीच्या पाण्यानं आई, बहीण, बायको न्हातात, त्यांच्या कपाळाला खाचा पडत नाहीत. तेही सोडा. त्या मुलाच्याच डोक्याची मागची बाजू बघा. पुढचे केस ज्या पाण्यानं भिजले त्याच पाण्यानं मागचेही भिजले, तरी कानांच्या वरची आणि मानेकडची झालर सत्तरीतही दाट राहते. डोक्याचा पुढचा भाग ओळखून तेवढ्यावरच वार करणारं पाणी अजून कुठल्या बोरला लागलेलं नाही.

जड पाणी केसाला काहीच करत नाही असंही नाही. ते केसाच्या बाहेर आलेल्या धाग्यावर परिणाम करतं, मुळावर नाही. कोइंबतूरच्या संशोधकांनी २०१३ मध्ये १५ जणांचे केस तपासले, अर्धे जड पाण्यात आणि अर्धे ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवून. ताण सोसण्याच्या ताकदीत फरक आढळला नाही. पाकिस्तानातल्या २०१८ च्या अभ्यासात ७० पुरुषांचे केस घेतले होते, तिथं जड पाण्यातले केस थोडे कमकुवत निघाले. म्हणजे केस मधूनच तुटतो का, एवढाच वाद आहे. तुटलेला केस मुळापासून पुन्हा वाढतो, टकलातला केस वाढत नाही. शेवटचा तांब्या साध्या पिण्याच्या पाण्याचा घ्या, राठपणा कमी होईल. यापलीकडे नळाला लावायचे महागडे फिल्टर टकलासाठी घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

मग केस जातात कशानं? याचा पहिला पक्का धागा अमेरिकेतले शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ साली मांडला. वयात येण्याआधीच ज्यांचे वृषण काढले गेले होते किंवा निकामी होते, अशा पुरुषांचा त्यांनी अभ्यास केला. त्यांना टक्कल पडत नव्हतं. टेस्टोस्टेरॉन टोचल्यावर मात्र त्यांतल्या काहींचे केस जाऊ लागले, आणि तेही ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचेच. खोजांना टक्कल पडत नाही हे प्राचीन ग्रीकांनीही नोंदवलं होतं. हॅमिल्टननी त्याला प्रयोगाची जोड दिली. पुरुषी संप्रेरक हवं आणि आनुवंशिक कलही हवा, दोहोंपैकी एक नसेल तर डोकं सुरक्षित.

दुसरा धागा कॅरिबियन बेटांवरच्या डोमिनिकन रिपब्लिक देशातून आला. लास सालिनास नावाच्या खेड्यात काही मुलं जन्मतः मुलीसारखी दिसत आणि वयात येताना मुलगे होत. ज्युलियान इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली याचं कारण जगापुढे ठेवलं. त्या मुलांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरेसं होतं, पण त्याचं रूपांतर डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये, म्हणजे डीएचटीमध्ये करणारं एन्झाइम नीट चालत नव्हतं. मोठेपणी या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहत होती आणि कपाळाच्या कोपऱ्यांतले केस मागे सरकत नव्हते. औषध कंपनीला यातून दिशा मिळाली. ते एन्झाइम अडवणारं फिनास्टेराइड अमेरिकेत १९९२ साली प्रोस्टेटसाठी मंजूर झालं आणि १९९७ साली, पाचव्या हिश्श्याच्या मात्रेत, टकलासाठी.

डीएचटी नेमकं काय करतं हे समजायला केसाचं आयुष्य माहीत हवं. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर. मग दोन-तीन आठवड्यांत मूळ आकसतं, सुमारे तीन महिने केस नुसता टिकून राहतो, गळतो आणि त्याच जागी नवा येतो. म्हणून रोज ५० ते १०० केस गळणं हे निरोगी डोक्याचं लक्षण आहे. टकलाचा कल असलेल्या माणसाच्या माथ्यावरची मुळं डीएचटीला हळवी असतात. दर फेरीला वाढीचा काळ आखडतो आणि केस आधीपेक्षा बारीक येतो. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली ज्वारी दर पेऱ्याला खुजी होत जावी आणि शेवटी नुसतं गवत उरावं, तसा जाड काळा केस शेवटी लव होऊन राहतो. टकलावर हात फिरवला तर ती लव अजून लागते.

इथंच लोकांची आणखी एक फसगत होते. न्हाणीघराच्या जाळीत केस दिसले की माणूस घाबरतो. पण या प्रकारच्या टकलात जाळीत फारसं काही दिसतच नाही. केस गळून कमी होत नाहीत, खुरटून कमी होतात. लक्षणं आरशात दिसतात. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांना खाचा पडून इंग्रजी एम अक्षरासारखी रेघ तयार होणं, भोवऱ्याजवळ माथा दिसायला लागणं, ओले केस असताना टाळू चमकणं. पुढं या दोन जागा एकमेकींकडे सरकतात, मधला पूल तुटतो आणि मागे नुसती झालर उरते. हॅमिल्टननीच १९५१ साली याच्या पायऱ्या आखल्या आणि ओटार नॉरवूड यांनी १९७५ साली त्या सुधारल्या. एकूण सात पायऱ्या. त्वचारोगतज्ज्ञ आजही कागदावर तोच आकडा लिहितात. खाज नाही, दुखणं नाही, लाली नाही. नेहमीचं टक्कल गुपचूप येतं.

'आईच्या वडिलांकडे बघ, तुझं डोकं तसंच होणार' हे अर्धंच खरं. संप्रेरकाला प्रतिसाद देणाऱ्या ग्रहणकाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलाला एक्स आईकडून येतं, एवढ्यापुरते आजोबा जबाबदार. पण ब्रिटनमधल्या ५२,००० पुरुषांच्या २०१७ सालच्या अभ्यासात टकलाशी संबंधित २८० हून जास्त जागा जनुकसंचात सापडल्या, त्यांतल्या बहुतेक एक्सवर नाहीत. वडील आणि काकाही सुटत नाहीत. आणि टक्कल पडलेल्याच्या रक्तात पुरुषी संप्रेरक इतरांहून जास्त असतं, हा कट्ट्यावरचा दिलासाही खोटा आहे. संप्रेरक तेवढंच, मुळं हळवी. तालमीत किंवा जिममध्ये दंड फुगवायला बाहेरून स्टिरॉइडची इंजेक्शनं घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. ज्यांच्यात कल आहे त्यांचे केस त्यानं भराभर जातात.

हेल्मेटचं काय? अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत रोज दुचाकीवरून जाणारे सगळे हेच विचारतात. हेल्मेटनं टक्कल पडत नाही. उन्हाळ्यात ४३ अंशांत घामट अस्तर महिनोन्महिने न धुता घातलं तर कोंडा वाढतो, खाज सुटते, एवढंच. अस्तर धुवा, आत सुती रुमाल घाला, हेल्मेट काढू नका.

आता दुसऱ्या प्रकाराकडे वळू, ज्यात जाळी खरोखर भरते. डेंग्यू, टायफॉइड, चिकुनगुनिया, कोविड, मोठं ऑपरेशन, कडक उपास करून महिन्यात दहा किलो वजन उतरवणं, घरातला मृत्यू. असा धक्का बसला की वाढीतले पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. गणपतीच्या सुमारास डेंग्यू झालेल्याचे केस दिवाळीनंतर मुठीनं येतात, तोवर ताप विसरलेला असतो आणि दोष दिवाळीच्या उटण्याला जातो. हे गळणं सगळ्या डोक्यावर सारखं असतं, मागची बाजूही सुटत नाही. सहा महिन्यांत बहुधा आपोआप थांबतं आणि केस परत येतात. या काळात जो तेल, शाम्पू, काढा वापरला असेल त्याला श्रेय मिळतं. केसांच्या तेलांचा अर्धा धंदा या सहा महिन्यांवर चालतो, असं मला वाटतं. गळणं लांबलं तर मात्र हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्यावं.

तिसरी म्हणजे चाई. दाढीत किंवा डोक्यात रुपयाएवढा गोल, गुळगुळीत, चकचकीत डाग, एका आठवड्यात. 'किडा लागला' म्हणतात. किडा वगैरे काही नसतो. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच केसाच्या मुळावर उलटते. कधी नखांवर टाचणीनं टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसतात, तेही याच रोगाचं लक्षण. मूळ मेलेलं नसतं, म्हणून लहान डाग कित्येकदा वर्षभरात आपोआप भरतो. नाही भरला तर डॉक्टर त्या जागी स्टिरॉइडची बारीक इंजेक्शनं देतात, आणि सगळं डोकं गेलेल्यांसाठी २०२२ पासून बॅरिसिटिनिबसारखी औषधं अमेरिकेत मंजूर आहेत.

चाईवर कांदा चोळायची चाल आपल्याकडे जुनी आहे, आणि सोलापूरची बाजार समिती तर कांद्यासाठी देशभर ओळखली जाते. तेव्हा कांद्याला न्याय द्यायला हवा. बगदादच्या डॉक्टरांनी २००२ साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. चाईच्या २३ रुग्णांना दिवसातून दोनदा कांद्याचा रस लावला, सहा आठवड्यांत २० जणांना केस आले. नळाचं पाणी लावणाऱ्या १५ जणांत फक्त दोघांना. प्रयोग लहान, त्यानंतर मोठा पुरावा आलेला नाही, आणि चाई आपोआपही बरी होते. तरी समजा की रस उपयोगी पडतो, तोही चाईपुरताच. कपाळाच्या खाचांवर कांदा चोळून फक्त घरात वास सुटतो.

काही लक्षणं मात्र थांबायची परवानगी देत नाहीत. डाग लाल आहे, पापुद्रे सुटतात, पू येतो, खाजतं, तर ती बुरशी, म्हणजे गजकर्ण असू शकतं. दाढीत ते न्हाव्याच्या न उकळलेल्या वस्तऱ्यातूनही येतं. अशा वेळी मेडिकलमधून मिळणारी तीन औषधांची एकत्र ट्यूब लावली तर तिच्यातलं स्टिरॉइड खाज दाबतं आणि बुरशी पसरवतं. टाळू जळजळते, कातडी घट्ट चकाकते आणि केसांची छिद्रंच दिसेनाशी होतात, तर मुळं जखमेनं कायमची मरत आहेत. इथं महिन्यांचा उशीर परवडत नाही. केसांबरोबर भुवयांचा बाहेरचा भाग विरळ झाला तर थायरॉइड आणि कुष्ठरोग दोन्हींचा विचार करावा लागतो. जागोजागी कसरीनं खाल्ल्यासारखे केस गेले तर उपदंशाची रक्ततपासणी होते. लाजून ती टाळू नये.

या सगळ्याहून वेगळी गोष्ट महाराष्ट्रानं २०२४ च्या डिसेंबरअखेर पाहिली. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, कठोरा अशा गावांमध्ये लोकांच्या डोक्याला खाज सुटली, आणि तीन-चार दिवसांत नुसत्या ओढण्यानं केसांचे पुंजके हातात येऊ लागले. पुरुष, बायका, शाळकरी मुली, कोणीच सुटलं नाही. जानेवारीपर्यंत १८ गावांत २७९ जण. काही गावांत भीतीनं लोकांनी आधीच मुंडण करून घेतलं. आणि पहिला संशय कोणावर गेला? पाण्यावर. हा भाग पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातला; पाण्यात नायट्रेट आणि क्षार जास्त निघाले, तेव्हा सगळ्यांना उत्तर मिळाल्यासारखं वाटलं. पण त्या पट्ट्यातल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या खारं पाणी प्यायलंय, केस गेले नव्हते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) पथकं आली, रक्त, लघवी, केस, धान्य यांचे नमुने गेले. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर, ज्यांनी विंचूदंशाच्या उपचारात आयुष्य घातलं, त्यांनीही स्वतंत्रपणे तपास केला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत आपला निष्कर्ष मांडला: रेशनवर आलेला, पंजाबकडचा गहू. त्यांच्या तपासणीत त्या गव्हातलं सेलेनियम स्थानिक गव्हाच्या सुमारे ६०० पट निघालं, आणि रुग्णांच्या शरीरात जस्त कमी. सेलेनियम शरीराला अगदी कणभर लागतं, जास्त झालं की केस आणि नखं जातात. चीनमधल्या एन्शी भागात १९६० च्या दशकात हेच घडलं होतं. बुलढाण्यात पुढे काहींची नखंही गळाली. केस बहुतेकांचे परत आले.

शेगावचा धडा सोलापूरच्या सलूनलाही लागू आहे. विष जेव्हा खरोखर पाण्यातून किंवा अन्नातून येतं, तेव्हा ते वय बघत नाही, बाई-पुरुष बघत नाही, कपाळ आणि मान यांत भेद करत नाही, आणि महिन्यांची वाट बघत नाही. एका घरात, एका गल्लीत, एकाच आठवड्यात अनेकांचे केस जायला लागले तर तडक आरोग्य केंद्राला कळवा. एकट्या पंचविशीतल्या मुलाचं कपाळ दोन वर्षांत दोन बोटं मागे गेलं, तर टाकीला दोष देऊ नका.

सेलेनियमची आणखी एक बाजू. 'केसांसाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक गोळ्यांत ते असतंच, ठरलेल्या मात्रेत निरुपद्रवी. पण २००८ साली अमेरिकेत एका द्रवरूप पूरक औषधात लेबलवर लिहिलेल्याच्या २०० पट सेलेनियम भरलं गेलं. २०१ जण आजारी पडले आणि बहुतेकांचे केस गळाले. केस वाढवायला दोन-तीन प्रकारच्या गोळ्या एकत्र घेणाऱ्यांनी डबीच्या मागची बारीक अक्षरं वाचावीत. अशाच गोळ्यांतल्या बायोटिनची कमतरता मुळात दुर्मीळ आहे, आणि त्याच्या मोठ्या मात्रेनं थायरॉइड व हृदयविकाराच्या काही रक्ततपासण्या चुकीच्या येऊ शकतात. तपासणीला जाण्याआधी गोळी घेत असल्याचं सांगा.

नेहमीच्या टकलावर पुरावा असलेली औषधं मोजकी आहेत. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी; घेणाऱ्यांच्या अंगभर केस वाढू लागले, तेव्हा १९८८ मध्ये अमेरिकेत तिचं डोक्याला लावायचं द्रावण आलं. पहिल्या काही आठवड्यांत केस उलट जास्त गळतात, तिथंच बहुतेक जण सोडून देतात. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात आणि बंद केलं की मिळालेलं जातं. फिनास्टेराइडनं काही थोड्या पुरुषांत कामेच्छा कमी होते, प्रोस्टेटच्या पीएसए तपासणीचा आकडा निम्म्यावर येतो, आणि गर्भवतीनं फुटलेली गोळी हाताळू नये. म्हणून हे औषध मित्राच्या चिठ्ठीवर घ्यायचं नाही. दोन्ही औषधं उरलेले केस राखण्यात जास्त यशस्वी आहेत, गेलेले आणण्यात कमी. डॉक्टरकडे तिशीच्या आत येणं आणि पन्नाशीत येणं यात म्हणूनच फरक पडतो.

काहीच न करणं हाही एक पूर्ण शहाणा पर्याय आहे. नेहमीचं टक्कल हा रोग म्हणून माणसाला त्रास देत नाही. त्रास देतं ते लग्नाच्या बायोडाटातलं टोपी घातलेलं छायाचित्र. तिरुपतीला मुंडण करून परतलेला बाप्या साखर पेठेत ताठ मानेनं हिंडतो, त्याला कोणी काही विचारत नाही.

केस रोवून घ्यायचेच असतील तर एवढं ध्यानात ठेवा. मागच्या झालरीतली मुळं पुढे लावली तरी आपला मूळ स्वभाव सोडत नाहीत, हे नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ साली दाखवलं आणि सगळं प्रत्यारोपण त्यावर उभं आहे. पण ही शस्त्रक्रिया आहे, पार्लरचं काम नाही. चुकीच्या हातांत ती देशात जिवावरही बेतली आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं सप्टेंबर २०२२ मध्ये सूचना काढून ती योग्य प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनीच, मुख्यतः त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन यांनी, करावी असं सांगितलं आहे. पैसे भरण्याआधी करणाऱ्याची पदवी आणि नोंदणी क्रमांक विचारा, आणि भूल कोण देणार तेही विचारा. त्याआधी एकदा सिव्हिलच्या किंवा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाला डोकं दाखवून घ्या.